वेंकण्णाची निजवलेली नाव

बीड जिल्ह्याच्या उत्तर कडेने जी नदी वाहते तिला पुस्तकांत गोदावरी म्हणतात. काठच्या गावांत मात्र हे नाव कोणी घेत नाही. तिथे ती गंगा. गंगेला पाणी आलं, गंगा उतरली, गंगा आटली, एवढ्या वाक्यांत तिथले वर्ष सरते. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, अशाच एका गावी दिलेली आहे. जन्मभर एकाच घाटावर धुणे धुतल्यानंतर, साठी उलटल्यावर, तिने एके दिवशी मला विचारले, "बापू, तू येवढी बुकं वाचलीस. आपली गंगा जाते कुटं?"

मी सांगितले, की ती पूर्वेकडे इंग्रजी मुलखात समुद्राला मिळते. तेवढ्यावर भागले असते तर हा मजकूर लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर आला नसता. अक्का म्हणाली, "मंग बघून येऊ."

मी बीडला निजाम सरकारच्या शाळेत फारसी आणि गणित शिकवतो. स्वभावाने मी भिडस्त. अनोळखी माणसाला वाट विचारण्यापेक्षा चुकलेल्या वाटेने जाणे मी पत्करतो. अक्काचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, ह्यांचे नेमके उलटे. त्यांना वाट ठाऊक असली तरी ते चार माणसांना विचारतात आणि चौघांच्याही उत्तरांत चुका काढतात. दसरा झाल्यावर, ज्वारीची पेरणी थोरल्या मुलावर सोपवून ते निघाले, आणि निघाल्या क्षणापासून परत येण्याची घाई करू लागले. "गणप्याला पाभर धरता येत न्हाई. रान वाकडं पेरून ठिवंल," हे वाक्य मी जालन्यापर्यंतच्या बैलगाडीत ऐकले, आगगाडीत ऐकले, आणि पुढे कालव्यातून दोराने ओढल्या जाणाऱ्या होडीतही ऐकले.

त्या प्रवासाविषयी अधिक सांगत नाही. दाजींनी प्रत्येक डब्यात कोणाशी तरी सोयरीक जुळवली आणि प्रत्येक फलाटावर कोणाशी तरी भांडण काढले, एवढे पुरे. फक्त राजमहेंद्रीचा पूल आला तेव्हा ते भांडण अर्धवट टाकून खिडकीशी आले. पात्राचा दुसरा काठ दिसेना. अक्काने खिडकीतूनच हात जोडले. "आपल्या घाटावरून गेली तवा कशी काडी होती," ती म्हणाली, "सासरी अंगानं भरली बघ."

नदीचे शेवटचे गाव

ज्या गावी आम्ही उतरलो त्याचे नाव मला नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे. नदीच्या एका फाट्यावर वसलेल्या काही झोपड्या, मागे भाताची खाचरे आणि ताडाची झाडे, पुढे खारट चिखल. समुद्र तिथून कोसभर. तो दिसत नाही, पण अहोरात्र घरघरतो. घरांची छपरे ताडाच्या पानांची आणि इतकी खाली उतरलेली, की वळचण गुडघ्याला लागावी. शिवाय प्रत्येक छपरावरून जाड दोर टाकून तो जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेला. वाऱ्याने घर उडून जाऊ नये म्हणून ही तजवीज. दाजी आजवर फक्त देवापुढे आणि तहसीलदारापुढे वाकलेले. तिथे पाणी प्यायलाही वाकावे लागे. "घरं बांधलीत का कोंबड्याची खुराडी?" असे ते दर वेळी म्हणत, आणि घरधनी हसून मान डोलावी, कारण त्याला एक अक्षरही कळत नसे.

हा घरधनी वेंकण्णा. नावाडी आणि कोळी, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, आणि म्हणून मला लगेच आवडलेला. त्याची बायको नरसम्मा मात्र अक्काच्या तोडीची. आम्हाला त्यांच्याकडे पोचवले मस्तानमियाँने. हा काथ्याचा व्यापारी. त्याची दखनी बोली आमच्या बीडच्या बाजारातल्या बोलीची चुलत बहीण, त्यामुळे आमचे सगळे बोलणे त्याच्या तोंडून चाले.

जेवणाविषयी तक्रार करणे पाहुण्याला शोभत नाही, म्हणून थोडीच करतो. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. त्यावर चिंचेचे असे सार की पहिल्या घोटाला कान बंद व्हावेत. अक्का मासळी खात नाही, आणि त्या गावात वाऱ्यालाही मासळीचा वास. तिने गाठोड्यातले ज्वारीचे पीठ काढले. चूल मांडण्यासाठी दाजींनी अंगणात खड्डा घेतला, आणि हातभर खणले नाही तोच खड्ड्यात पाणी झिरपू लागले.

दाजी उकिडवे बसून त्या पाण्याकडे बघत राहिले. "आमी साठ हात इहीर खंदतो," ते शेवटी म्हणाले, "सुरुंग लावतो, देवाला नवस बोलतो, तरी खडक फुटत न्हाई. अन् हितं चुलीला पाणी लागतंय!" त्यांनी ओंजळभर तोंडात घेतले आणि तत्काळ थुंकले. "खारट हाय, लेकाचं."

चूल शेवटी जमिनीवर तीन दगड मांडून झाली. अक्का भाकरी थापू लागताच गावातल्या बाया गोळा झाल्या. नरसम्माने हातात गोळा घेतला. तिची भाकरी हातातच फाटली आणि अर्धी राखेत पडली. सगळ्या हसल्या.

"भाताची पेज खाऊन हाताला जोर कुटला यायचा?" अक्का म्हणाली. नरसम्माने तेलुगूत काहीतरी उत्तर दिले.

"वो बोलती," मस्तानमियाँ हसत म्हणाला, "तुमारी रोटी से छप्पर छाते तो तूफान में भी नहीं उडता."

अक्का नाराज झाली नाही. दोघी तेव्हापासून आपापल्या भाषेत अखंड बोलू लागल्या.

आता मुख्य कामाचे. नदीचे मुख पाहायला वेंकण्णाची नाव हवी होती. ती फळ्यांची, डांबर माखलेली, शिडाची नाव. सासऱ्याने लग्नात दिलेली. पहाटे तीत मासळी येई, दिवसा पैलतीराची माणसे, बाजाराच्या दिवशी दुसऱ्यांचे भात. त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. दाजींनी पहिल्याच संध्याकाळी नावेच्या काठावर थाप मारून निर्णय दिला होता, "ही नाव म्हंजी गड्याची जमीन बी अन् बैल बी." ते खरे होते.

पण नाव निघेना. रोज सकाळी मी, म्हणजे माझ्या वतीने मस्तानमियाँ, विचारी, आणि वेंकण्णा आकाशाकडे पाहून म्हणे, "रेपु." रेपु म्हणजे उद्या. मी शिकलेला हा पहिला तेलुगू शब्द, आणि पुढे काही दिवस मला तो एकच पुरला. वारा पडला, रेपु. भरती चुकली, रेपु. आभाळाचा रंग बरा नाही, रेपु. "ह्याच्या रेपूत माजी ज्वारी वाळंल," दाजी कुरकुरत. माझी रजा संपत आली होती, अंगाला घामाने पुरळ उठले होते, आणि खरे सांगायचे तर मलाही आता गंगा कुठे जाते ह्याविषयी फारसे कुतूहल उरले नव्हते.

एके दिवशी मस्तानमियाँ आम्हाला वरच्या गावचे शिवालय दाखवायला घेऊन गेला. परतायला अंधार पडला. तो आपल्या घरी गेला, आम्ही थकून निजलो. आमच्या पाठीमागे गावात काय घडले होते, ते आम्हाला कोणी सांगितले नाही; सांगायला कोणाची भाषाही नव्हती.

सकाळी उठून पाहतो तो गाव रिकामे होत चाललेले. बाया डोक्यावर भाताची टोपली घेऊन, पुरुष म्हशी हाकत, नदीच्या वरच्या अंगाला निघालेले. तिकडे अर्ध्या कोसावर एक उंच टेकाड आहे. नरसम्माने अक्काचा हात धरून टेकाडाकडे बोट केले, मग तोंडाकडे, मग भाताकडे. "गावजेवण दिसतंय," अक्का म्हणाली. "तुमी व्हा म्होरं. आमी आंगूळ करून येतो." तिने अंघोळीची खूण केली. नरसम्माने कपाळाला हात लावला, काहीतरी भरभर बोलली, आणि डोक्यावरचे ओझे सावरत निघून गेली.

आकाश तांब्याच्या जुन्या भांड्यासारखे झाले होते. वारा मुळीच नव्हता. मी तसे बोलूनही दाखवले. "बरं हाय की," दाजी म्हणाले, "आज तरी नाव निगंल."

आम्ही अंघोळीला गावालगतच्या ओढ्यावर गेलो. ओहोटी होती. आमच्या अंघोळीच्या जागेसमोरच, चिखलपाण्यात, वेंकण्णाची नाव बुडालेली. नुसता काठ वर दिसत होता. आत पाणी आणि वाळू गच्च.

"अगं बया!" अक्का ओरडली. "बुडली की गरिबाची!"

आमच्याकडची एक रीत इथे सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे वाचकांना वेडेपणाचे वाटेल. आमच्या भागात कोणाचा बैल विहिरीत पडला, तर धन्याची वाट कोणी पाहत नाही. ज्याने पाहिले तो दोर घेऊन धावतो. वैरी असला तरी धावतो. विचारायला थांबलेल्या माणसाचे नाव गावात वाईट निघते. दाजींनी धोतर खोचले.

"दाजी," मी म्हणालो, "आधी वेंकण्णाला कळवू."

"इचारीत बसलास तर बैल मेलाच म्हणून समज, मास्तर."

"पण शीड आणि वल्ही त्याच्या घरात नीट रचून ठेवलेली मी पाहिली. आपोआप बुडणारी नाव आधी स्वतःचे शीड उतरवून ठेवत नाही."

"तू काठावर उभा राहून बुकं वाच. अगं, घागर आण!"

हे मी दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा माझ्या हातात टोपले आले. दाजी मोटेवर वाढलेले. पाणी उपसणे हे त्यांच्या हाडात आहे. अक्का घागरीने पाणी काढी, दाजी खोऱ्याने वाळू ओढत, मी टोपली काठावर नेऊन रिकामी करी आणि दर खेपेला पोटरीपर्यंत रुतत असे. नावेच्या तळाला एक भोक सापडले. "हे बगा, हितूनच बुडली," दाजी म्हणाले, आणि बाभळीच्या दातवणाला चिंधी गुंडाळून त्यांनी ते दगडाने ठोकून बंद केले. मग खांबाची पहार करून, दोर लावून, आम्ही ती नाव काठावर चढवली. दाजींचे सर्वांग चिखलाने लेपलेले होते, आणि चेहऱ्यावर असे समाधान, जसे मी त्यांच्या मुलांच्या लग्नातही पाहिले नव्हते.

"आता येऊ द्या वेंकण्णाला," ते म्हणाले.

तो आलाच. आम्ही टेकाडावर पोचलो नाही म्हणून तो आणि मस्तानमियाँ आम्हाला शोधत उलटे आले होते. नाव पाहून वेंकण्णा जागच्या जागी थांबला. मस्तानमियाँने मात्र डोक्यावरची टोपी काढली.

"या अल्ला! ये क्या कर डाले तुम लोगां? कल हम लोगां मंदर गये थे, तब गाँव में सब नावां सुलाये! तूफान आरा है!"

मग त्याने सांगितले ते असे. वादळ येणार असे दिसले की ह्या गावचे लोक आपल्या नावा आपल्याच हातांनी बुडवतात. तळाचे बूच काढायचे, वाळू भरायची, ओढ्यात खाली बसवायची. पाण्याखालच्या नावेला वारा उचलू शकत नाही. वादळ गेले की वाळू काढून तिला पुन्हा वर आणायचे. बाकीच्या सगळ्या नावा वरच्या वळणावर झाडीत अशाच निजल्या होत्या.

"बुडवली? आपल्याच हातानं?" दाजींचा आवाज प्रथमच बारीक झाला. "कावून सांगितलं न्हाई बे आमाला?"

उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता. दाजींनी नावेला खांदा लावला. आम्ही सर्वांनी लावला. पण तोवर भरती लागली होती आणि पहिला वारा आला होता. वारा म्हणजे आमच्याकडे जे सुटते ते नव्हे. कोणी दोन्ही हातांनी छाती मागे ढकलावी तसे ते होते. दाजी दातवण उपटू पाहत होते, ते भिजून फुगून घट्ट बसले होते. नाव अर्धी पाण्यात गेली, वाऱ्याने आडवी फिरली, आणि तिच्या धक्क्याने दाजी पडले. वेंकण्णाने त्यांना काखेत धरून उठवले. एकदा नावेकडे पाहिले, एकदा अक्काकडे. आणि दोर सोडून दिला.

टेकाडावर

वादळाचे वर्णन मला साधणार नाही. दिवसाउजेडी काळोख झाला, आणि टेकाडावर सगळे गाव म्हशींच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसले. वेंकण्णाने अक्काला गुडघाभर पाण्यातून हात धरून तिथवर आणले होते. नरसम्माने आमच्या अंगावर आपली चटई घातली. समुद्र खाचरांपर्यंत आला आणि परत गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. छपरे बरीच टिकली होती. पुरुष वळणावर गेले आणि एकेक नाव उपसून वर आणू लागले. नाव तरंगली की पोरे ओरडत. वेंकण्णाची नाव एका खाचरात सापडली, मोडक्या ताडावर पडलेली, कणा तुटलेला. तो तिच्यापाशी जाऊन बसला. नरसम्मा रडली, पण त्याआधी तिने आम्हाला भात वाढला होता. 

दाजी बांधावरून खाचरात उतरले. मग ते वेंकण्णासमोर गेले, पागोटे काढले आणि आपल्या मराठीतच बोलले, "चुकी माजी हाय. दुसरी नाव पाण्यात तरंगुस्तोवर मी हितून हलत न्हाई."

मस्तानमियाँने ते सांगितले. वेंकण्णाने मान हलवली. "बोलता है, तुम जाव," मस्तानमियाँ म्हणाला. "तूफान है, ले गया. तुमारी खेती पडी है."

"त्याला म्हणावं, खेती गेली खड्ड्यात."

ज्वारीविषयी हे शब्द दाजींच्या तोंडून येतील असे मला कधी वाटले नव्हते.

वरच्या गावाहून सुतार आला. दाजींनी फळ्या वाहिल्या, पडलेली झाडे ओढली, जुन्या नावेचे खिळे सरळ केले. आणि हे सर्व करताना, आयुष्यात एकही नाव न बांधलेल्या त्या गृहस्थांनी नाव कशी बांधावी ह्यावर सुताराशी अखंड वाद घातला. फळी बैलगाडीच्या तळासारखी, साटीसारखी, बसवा म्हणाले. सुतार दोनदा हत्यारे गुंडाळून घरी गेला. तिसऱ्या दिवशी वेंकण्णाने मस्तानमियाँला बाजूला घेतले, आणि मस्तानमियाँने मला.

"मास्टरसाब, वेंकण्णा हात जोडता है. उनों माफ कर दिया, दिल से माफ कर दिया. दाजी को ले के जाव."

मी दाजींना तसे सांगितले. "माफ करणारा तो कोण? नाव झाली का? न्हाई. मंग?" असे म्हणून ते पुन्हा सुताराकडे गेले.

दुसऱ्या एका नावाड्याने नदीचे मुख दाखवायची तयारी दाखवली. इतक्या लांब येऊन अक्काने ते पाहावे असे मला वाटले. ती भाकरी थापीत होती. शेजारी नरसम्मा, तिचीही आता बऱ्यापैकी गोल होत होती.

"वेंकण्णाच्याच नावंतून जाईन," अक्का म्हणाली. "ती झाल्यावर."

"अक्का, तिला महिना लागेल. माझी रजा संपली."

"मंग तू जा. गणप्याला सांग, रान वाकडं पेरलं तरी चालंल, पण पेर म्हणावं."

परत घाटावर

अशा रीतीने, जी नदी कुठे जाते हे पाहायला आम्ही तिघे गेलो होतो, तिच्या मुखापासून कोसभरावरून मी एकटा परत आलो, मुख न पाहता. अक्काच्या गावी निरोप देणे भाग होते. घाटावर सगळे जमले. भाचा गणपत, म्हातारे, गावचा सुतार. मी एकट्याने इतक्या माणसांपुढे कधी बोललो नव्हतो; तरी नाव का बुडवतात हे वाळूवर आकृती काढून समजावले.

"बरं," एक म्हातारा म्हणाला, "पर बुडलेली नाव दिसल्यावर माणसानं करावं काय? काढलीच पायजे की."

"ती बुडलेली नव्हती, बुडवलेली होती."

"आसंल. पर दिसली तर बुडलेलीच ना?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. सर्वांनी लक्षपूर्वक ऐकले आणि सर्वांचे मत पडले की दाजींनी केले ते बरोबर, त्यांच्या जागी कोणीही तेच केले असते. माझी खात्री पटली की खरोखर सर्वांनी तेच केले असते. मग सुताराने विचारले, "कण्याला लाकूड कोणचं घालत्यात?"

मला ठाऊक नव्हते.

"बाभूळ घाला म्हणावं. बाभळीला पाणी धरत न्हाई." गणपतकडे नव्या गाडीसाठी वाळवून ठेवलेले बाभळीचे खोड होते. चौघांनी ते खांद्यावर आणले, सुताराने टोकाला पटाशीने वेंकण्णासाठी म्हणून नावेचे चित्र कोरले, आणि ते गंगेत सोडायला निघाले.

मी म्हणालो, की वाटेत शेकडो कोस आहेत, धबधबे आहेत, राजमहेंद्रीच्या खाली नदीला आडवा मोठा बांध आहे, आणि ह्या दिवसांत तर आपल्याच गावाखाली पाणी जेमतेम घोट्याइतके आहे.

"गंगा तिकडंच जाती ना, मामा?" गणपत म्हणाला.

"तिकडेच जाते."

"मंग झालं की."

खोड सोडून, हात जोडून, सगळे घरी गेले. सकाळी मी बीडला निघण्यापूर्वी घाटावर गेलो. अपेक्षेप्रमाणे ते खालच्या वळणावर वाळूत रुतून बसले होते. मी चडफडलो. आसपास कोणी नाही असे पाहून जोडे काढले, धोतर खोचले, पाण्यात उतरलो आणि खांदा लावला. ते हलता हलेना, मग हलले. धारेला लागल्यावर एकदा गोल फिरले, टोक पूर्वेकडे केले, आणि निघाले.

पुढच्या वळणावर पुन्हा वाळू आहे हे मला ठाऊक होते. जोडे हातात घेऊन मी काठाकाठाने तिथवर चालत गेलो.